बाह्य हार्ड डिस्क : एक मोठी घ्यावी की दोन साध्या?

प्रश्न : मी चिपळूणला राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या सासऱ्यांनी नमन आणि जाखडी या कोकणातल्या लोककलांचे कार्यक्रम टेपरेकॉर्डरवर मुद्रित केले होते. त्या ९० मिनिटांच्या सुमारे १२० कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आहेत. घरातील मोडी लिपीतले जुने कागद, सुमारे ८०० पाने, स्कॅन केले आहेत. शिवाय कुटुंबाचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ आहेत. लॅपटॉप विंडोजचा असून त्यातील ५१२ जीबीची जागा भरत आली आहे. हे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवून लॅपटॉप मोकळा करावा असा विचार आहे. दुकानदार ५ टीबीची डिस्क घ्या म्हणतात, पुण्यातला मुलगा एसएसडीच (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) घे म्हणतो, आणि ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी दोन हजार रुपयांत दिसते. माझी १५ हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे आमचे फोटोंचे अल्बम गेले, त्यामुळे आता चूक व्हायला नको. मुलाकडे मॅकबुक आहे, त्यावरही हे उघडले पाहिजे. तसेच डिस्क टीव्हीला जोडून फोटो पाहता येतील का?

उत्तर : सादर नमस्कार.

आपण एवढ्या कॅसेट आणि एवढे कागद संगणकावर आणले, हे काम किती चिकाटीचे आहे याची मला कल्पना आहे; नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, तिथे घाई करता येत नाही. म्हणूनच डिस्क कोणती घ्यावी हे सांगण्याआधी आपल्या बेतातच एक बदल सुचवतो. सगळे साहित्य बाहेरच्या डिस्कवर हलवून लॅपटॉप मोकळा केला, तर त्या साहित्याची जगात एकच प्रत उरेल, आणि तीही हातातून पडू शकणाऱ्या, चोरीला जाऊ शकणाऱ्या, पाण्यात भिजू शकणाऱ्या एका छोट्या डबीत. लॅपटॉपवर होते तेव्हा जेवढा धोका होता, त्याहून तो वाढलेलाच असेल. ज्या डिस्कवर साहित्याची दुसरी प्रत आहे तिला आपण बॅकअप म्हणू शकतो. ज्या डिस्कवर एकमेव प्रत आहे तिला म्हणता येत नाही. तेव्हा माझा सल्ला असा की, १५ हजारांत एक उत्तम डिस्क शोधू नका. त्याच पैशांत दोन साध्या डिस्क घ्या, दोन्हींवर तेच साहित्य ठेवा आणि त्यातील एक पुण्याला मुलाच्या घरी पाठवा. खाली जे काही लिहिले आहे ते या एका निर्णयाच्या आधाराने लिहिले आहे.

आधी जागेचा हिशेब करू, कारण ५ टीबीचा आग्रह त्यावरच उभा आहे. कॅसेट सीडीच्या दर्जाने, म्हणजे स्टिरिओ वेव्ह फाइलमध्ये उतरवली असेल तर एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी जागा लागते. ९० मिनिटांची कॅसेट साडेनऊशे एमबीच्या आसपास जाते आणि अशा १२० कॅसेट ११५ जीबीत मावतात. एमपीथ्री केल्या असतील तर याच्या दहाव्या हिश्श्यात काम भागते. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने, रंगीत आणि कोणतेही आकुंचन न करता स्कॅन केले तर ते २६ एमबीचे होते. ८०० पानांचे फार तर २१ जीबी. फोटो आणि व्हिडिओ किती आहेत ते आपण लिहिलेले नाही, पण लॅपटॉपची मूळ जागाच ५१२ जीबी आहे आणि त्यातला काही भाग विंडोज आणि इतर प्रोग्राम व्यापतात, त्यामुळे आपले सगळे साहित्य मिळून चारशे जीबीच्या फार पुढे जाऊच शकत नाही. याचा अर्थ १ टीबीची, म्हणजे साधारण हजार जीबीची, डिस्क आज आपल्याला पुरून उरते, आणि २ टीबीची पुढची बरीच वर्षे. ५ टीबीच्या डिस्कमध्ये दोष काही नाही. आपल्या कामाला ती लागत नाही एवढेच, आणि तिच्यावर पैसे घातले की दुसऱ्या डिस्कसाठी ते उरत नाहीत.

खोक्यावर १ टीबी लिहिलेले असताना विंडोज ९३१ जीबीच दाखवते, हे पाहून अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. तसे नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट असे धरतात, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. बाइट तेवढेच असतात, मोजमापाची रीत निराळी. २ टीबीची डिस्क याच कारणाने १.८१ टीबी दिसते. तेव्हा तेवढ्यासाठी ती दुकानात परत नेऊ नका.

फसवणूक मात्र होते, आणि ती आपण पाहिलेल्या त्या १६ टीबीच्या जाहिरातीत आहे. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तळहाताएवढ्या, लॅपटॉपच्याच विजेवर चालणाऱ्या फिरत्या तबकडीच्या डिस्क ६ टीबीपर्यंतच मिळतात. खिशात मावणाऱ्या खऱ्या एसएसडी ४ टीबी आणि थोड्या ठिकाणी ८ टीबीपर्यंत आहेत आणि त्यांची किंमत दहा हजारांच्या बरीच पुढे जाते. दोन हजारांच्या त्या डबीत बहुतेक वेळा एक लहानसे मेमरी कार्ड चिकटवलेले असते आणि त्यातील नियंत्रक चिपला १६ टीबी असल्याचे खोटे सांगायला लावलेले असते. विंडोजही त्या चिपच्या सांगण्यावर विश्वास ठेवते. आपण फाइल टाकत जातो, त्या गेल्याचे दिसते, फोल्डरमध्ये नावेही दिसतात. पण खरी जागा संपल्यानंतर टाकलेल्या फाइल एक तर कुठेच लिहिल्या जात नाहीत किंवा आधीच्या फाइलवर लिहिल्या जातात. सहा महिन्यांनी एखादे नमन ऐकायला जावे तेव्हा फाइल उघडत नाही, आणि तोवर वस्तू परत करण्याची मुदत संपलेली असते. खालचे पाच तारे आणि शेकडो अभिप्राय पाहून मन वळू देऊ नका, कारण अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती डिस्क काठोकाठ भरून पाहिलेली असते.

आता मुलाचे म्हणणे. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो, माहिती फ्लॅश चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते. त्यामुळे ती हातातून पडली तरी सहसा काही होत नाही, आवाज येत नाही, आणि वेग कित्येक पटींनी जास्त मिळतो. नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला सहसा ५,४०० फेरे घेत असतात आणि वाचणारे टोक त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. चालू असताना ती टेबलावरून पडली तर ते टोक तबकडीवर आदळते, तिथला लेप खरवडला जातो आणि माहिती कायमची जाते. आपला मुलगा रोज डिस्क बॅगेत घालून ऑफिसला नेणारा, तिच्यावरूनच व्हिडिओ संपादित करणारा असेल, तर त्याच्यासाठी एसएसडी हाच योग्य सल्ला आहे आणि त्यात मी एका अक्षराचाही बदल करणार नाही.

आपले काम वेगळे आहे. आपल्याला वर्षातून काही वेळा डिस्क जोडायची आहे, नवे साहित्य टाकायचे आहे आणि पुन्हा कपाटात ठेवायची आहे. या कामात वेगाचा उपयोग पहिल्या दिवशीच काय तो होतो: चारशे जीबी उतरायला साध्या डिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या हिशेबाने सव्वा तास लागेल, बारीक फाइल पुष्कळ असल्या तर दोन-तीन तासही; एसएसडीवर ते वीस मिनिटांत आटपेल. एवढ्यासाठी दुप्पट किंवा त्याहून जास्त किंमत मोजावी असे मला वाटत नाही. शिवाय कपाटात पडून राहणाऱ्या एसएसडीची एक बाजू विक्रेते सांगत नाहीत. फ्लॅश चिपमधला विद्युतभार वीजपुरवठ्याशिवाय हळूहळू गळत असतो. घरगुती एसएसडीसाठी उद्योगाने ठरवलेल्या मानकात अपेक्षा एवढीच आहे की, लेखनाचे ठरलेले आयुष्य संपत आलेल्या एसएसडीने ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष माहिती सांभाळावी. नवी, फारशी न वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ सांभाळते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण कोकणातल्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात विसरून राहण्याची वस्तू ती नव्हे. चुंबकीय तबकडीला ही अडचण नसते, तिची अडचण यांत्रिक आहे. म्हणून तिला दर तीन-चार महिन्यांनी जोडून काही वेळ फिरू द्यावे.

साध्या हार्ड डिस्क जगात सध्या तीनच कंपन्या बनवतात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मला विचाराल तर दोन डिस्क दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच कंपनीच्या, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्क एकाच कारखान्यातून, एकाच खेपेत निघालेल्या असू शकतात, आणि त्या खेपेत काही उणे राहिले असेल तर दोन्हींना त्याची झळ बसते. कोणती कंपनी अधिक चांगली यावर लोक हिरिरीने वाद घालतात, कारण ज्याची डिस्क गेली तो त्या कंपनीला कायमचा दोष देतो. घरात दोन-तीन डिस्क वापरणाऱ्याच्या अनुभवावरून असा निष्कर्ष निघत नाही. झळाळते आवरण, धातूचे झाकण, पासवर्डचे खास सॉफ्टवेअर असलेल्या महागड्या मॉडेलच्या आत बहुधा तीच तबकडी असते जी त्याच कंपनीच्या सर्वांत साध्या मॉडेलमध्ये असते, तेव्हा साधेच मॉडेल घ्या.

या स्वस्त, लहान डिस्कविषयी एक गोष्ट आधी कळलेली बरी. त्यांपैकी बऱ्याच डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, आपल्याकडे घरावर कौले बसवतात तसे. मधले एक कौल बदलायचे तर वरची उचलावी लागतात, तसे मधली माहिती बदलायची तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. म्हणून पहिले काही जीबी झपाट्याने जातात आणि मग वेग एकाएकी सेकंदाला वीस-तीस एमबीवर येऊ शकतो. डिस्क बिघडली असे समजून तार उपटू नका. तिचे काम चालू आहे. एकदा लिहून ठेवायचे आणि नंतर वाचायचे, अशा आपल्या वापराला ही पद्धत काही बाधा आणत नाही. त्याच डिस्कवरून रोज काम करणाऱ्याला मात्र ती नकोशी होईल.

दुकानात साडेतीन इंची, वेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या मोठ्या डिस्कही दाखवतील. त्या टेबलावर कायम ठेवायच्या असतात. आपण त्यांचा विचार करू नये.

लॅपटॉपच्या कोणत्या खाचेत डिस्क जोडता यालाही महत्त्व आहे. जुन्या यूएसबी २.० खाचेतून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपासच माहिती जाते, म्हणजे वर सांगितलेला सव्वा तास तीन तासांच्या पुढे जाईल; आणि वीजही कमी मिळते, ५०० मिलिअँपिअर, जिथे यूएसबी ३.० ची खाच ९०० देते. वीज कमी पडली की डिस्क टकटक आवाज करते, फिरू लागते, थांबते, आणि लोकांना वाटते की नवीच डिस्क खराब निघाली. यूएसबी ३ ची खाच आतून बहुधा निळी असते किंवा तिच्याशेजारी ‘एसएस’ ही अक्षरे असतात. डिस्क थेट लॅपटॉपलाच जोडा, स्वस्तातल्या हबमधून नको, आणि तिच्यासोबत आलेली आखूड तारच वापरा. लॅपटॉपला केवळ टाइप-सी खाचा असतील तर त्या प्रकारची तार असलेले मॉडेल घ्या किंवा चांगल्या कंपनीचा छोटा जोड घ्या. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही नावे एकाच ५ गिगाबिट वेगाची आहेत. साध्या डिस्कला तेवढा वेग भरपूर होतो, त्यामुळे खोक्यावरच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलासह करावी. आपल्या शहरांतील काही दुकानांत ‘असेंबल केलेली’ डिस्क स्वस्तात देऊ करतात. ती म्हणजे कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेली तबकडी नव्या आवरणात घातलेली असते, तिला हात लावू नका. घरी आल्यावर डिस्कवरचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी खरोखर चालू आहे का ते पाहा. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम उघडला की डिस्क आतापर्यंत किती तास चालली आहे ते दिसते. नव्या डिस्कवर तो आकडा शून्य किंवा दोन-चार तास असायला हवा. तो हजारांत असेल तर त्याच दिवशी परत करा. त्याच तक्त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ अशा, डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा मोजणाऱ्या, दोन ओळी असतात. या दोन्हींसमोर शून्य असावे, आणि पुढेही जेव्हा जेव्हा डिस्क जोडाल तेव्हा त्या दोन ओळींवर एक नजर टाकावी. तिथला आकडा वाढू लागला की त्या डिस्कची जागा घ्यायला दुसरी आणावी, ती बंद पडायची वाट पाहू नये. शेवटची परीक्षा एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने घ्या. तो सबंध डिस्क चाचणीच्या माहितीने भरतो आणि ती जशीच्या तशी परत वाचता येते का ते पाहतो. १ टीबीला लिहायला आणि वाचायला मिळून सहा तास किंवा जास्त लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावे, लॅपटॉप चार्जरवर असावा आणि झोपी जाण्याचा पर्याय बंद केलेला असावा. हे सगळे आपले साहित्य डिस्कवर टाकण्याआधी करायचे आहे. परत करण्याची मुदत ऑनलाइन खरेदीत थोड्याच दिवसांची असते, तेव्हा पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

मॅकबुकच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा’ असे मिळेल, कारण ती मांडणी विंडोज आणि मॅक दोन्ही वाचतात आणि लिहितात. आपल्या बाबतीत माझे मत निराळे आहे. आपल्या दोन्ही डिस्क विंडोजच्या स्वतःच्या एनटीएफएस मांडणीतच राहू द्या. एनटीएफएस प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा तार निसटली तरी सावरण्याची शक्यता जास्त असते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. मॅक एनटीएफएसवरचे सगळे वाचू शकतो, मूळ स्वरूपात त्यावर लिहू मात्र शकत नाही, आणि आपल्याला नेमके हेच हवे आहे: मुलाने तिथे कॅसेट ऐकाव्यात, कागद पाहावेत, पण चुकूनही त्यातले काही पुसले जाऊ नये. काही डिस्क कारखान्यातून एक्सफॅटमध्येच येतात. संगणकात डिस्कच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की मांडणी कळते. बदलायची असेल तर साहित्य टाकण्याआधीच बदला, कारण फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते. मुलाला एवढे नक्की सांगून ठेवा की, मॅकने ही डिस्क टाइम मशीनसाठी (मॅकची स्वतःची बॅकअपची सोय) वापरायची का किंवा ‘इनिशियलाइझ’ करायची का असे विचारले तर ठाम नकार द्यायचा, नाही तर ती कोरी होईल.

साहित्य टाकताना कंपनीने दिलेले बॅकअपचे सॉफ्टवेअर टाळावे. ते पुष्कळदा आपल्याच खास स्वरूपात सगळे बांधून ठेवते आणि दहा वर्षांनी तो प्रोग्राम मिळाला नाही तर गाठ सुटत नाही. साधे फोल्डर करा, ‘कॅसेट’, ‘मोडी कागद’, ‘फोटो’, ‘व्हिडिओ’ असे. आणि कॉपी करा, ‘कट’ करू नका. कॉपी संपल्यावर मूळ फोल्डर आणि डिस्कवरचा फोल्डर यांच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलची संख्या आणि बाइटचा आकडा जुळतो का ते पाहा. मग प्रत्येक फोल्डरमधील अधूनमधूनच्या फाइल खरोखर उघडून पाहा, कॅसेटच्या फाइल तर शेवटच्या मिनिटापर्यंत नेऊन ऐका. काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करून, तबकडी थांबल्याचे हाताला जाणवल्यावरच तार काढा. गाण्यांचे शब्द किंवा मोडी कागदांचे लिप्यंतर आपण श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केले असेल, तर त्याची पीडीएफही करून सोबत ठेवा, कारण फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसेल.

दोन्ही डिस्कवर सगळे नीट उतरले, तपासून झाले आणि दुसरी डिस्क पुण्याला पोचली की लॅपटॉपवरचे व्हिडिओ आणि जुने फोटो काढून जागा मोकळी करायला हरकत नाही. कॅसेट आणि मोडी कागदांचे स्कॅन मात्र लॅपटॉपवरही राहू द्या. ते मिळून १३५ जीबीच आहेत आणि त्यांची तिसरी प्रत त्यामुळे आपोआप होते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम या क्षेत्रात सगळे मानतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक घराबाहेर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले तेव्हा एका कपाटात ठेवलेल्या दोन प्रती आणि एक प्रत यांत काहीच फरक उरला नसता. हे मी आपल्याला नव्याने सांगायला नको. घराबाहेरची प्रत पुण्यात, आणि चिपळूणची डिस्क वरच्या मजल्यावर; हा भाग खर्च कमी करण्यासाठी कधीही वगळू नका, डिस्क २ टीबीऐवजी १ टीबीच्या घ्याव्या लागल्या तरी चालेल.

दोन डिस्कची अदलाबदल मुलाच्या येण्याजाण्यावर बसवता येते. गणपतीला तो घरी येताना पुण्याची डिस्क आणेल, तिच्यावर मधल्या काळातले नवे साहित्य टाकून तो ती परत नेईल; शिमग्याला पुन्हा तेच. दोन्ही डिस्क एकाच वेळी लॅपटॉपला जोडून ठेवणे शक्यतो टाळा, आणि काम झाल्यावर कोणतीही डिस्क जोडलेली ठेवू नका. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरही पसरतात, आणि विजेचा धक्का लॅपटॉपला बसला तर तो डिस्कपर्यंत जातो. प्रवासात डिस्क जाड आवरणात, हातातल्या बॅगेत असावी. पावसाळ्यात ती हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की नव्या घाला. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच जोडू नये, तासभर तशीच राहू द्यावी, कारण गार धातूवर ओल धरते.

पासवर्ड लावावा का, असेही आपल्या मनात येईल. कॅसेट, मोडी कागद आणि फोटो यांना लावू नका. या वस्तू आपल्यानंतरच्या पिढीला उघडता याव्यात म्हणूनच आपण हा खटाटोप करत आहात, आणि विसरलेला पासवर्ड हा बिघडलेल्या डिस्कइतकाच घातक असतो. आधार कार्ड, पासबुक, सातबारा, विम्याची कागदपत्रे अशी एखादी छोटी फाइलगड्डी असेल तर तेवढीच सेव्हन-झिप या प्रोग्रामने पासवर्ड घालून बांधा आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरातील विश्वासाच्या माणसाकडे द्या.

गूगलच्या खात्यात मोफत १५ जीबीच मिळतात आणि त्यात ईमेलही मोजला जातो, त्यामुळे सगळे साहित्य तिथे ठेवण्याचा प्रश्न येत नाही. निवडक मोडी पाने आणि दहा-बारा उत्तम जाखड्यांचे एमपीथ्री तिथे ठेवलेत तर नातेवाइकांना ऐकवायला सोपे जाईल.

कधी डिस्क जोडल्यावर खरखर किंवा एकसारखी टकटक ऐकू आली, चांगली तार आणि चांगली खाच वापरूनही, तर ती ताबडतोब बंद करा आणि दुसऱ्या डिस्कवरून नवी प्रत करा. दुरुस्तीचे प्रोग्राम पुन्हापुन्हा चालवल्याने खरचटलेली तबकडी आणखी खरचटते. वॉरंटीत, जी साधारण तीन वर्षांची असते, डिस्क बदलून मिळते. आतली माहिती परत आणून देण्याची जबाबदारी त्यात सहसा नसते, आणि ते काम करणाऱ्या प्रयोगशाळांचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होतो. चालत्या डिस्कही पाचेक वर्षांनी नव्या घ्याव्यात. कॅसेट मात्र टाकू नका. उद्या त्या अधिक चांगल्या यंत्रावर पुन्हा उतरवाव्याशा वाटू शकतील.

टीव्हीचे उत्तर सोपे आहे. अनेक टीव्ही एनटीएफएसची डिस्क वाचतात, पण काही टीव्ही जोडल्याबरोबर कार्यक्रम मुद्रित करण्यासाठी डिस्क फॉरमॅट करायची का असे विचारतात, आणि रिमोटचे एक बटण चुकीचे दाबले की सगळे पुसले जाते. फोटो पाहायचे असतील तर ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, हवे ते फोटो त्यावर कॉपी करा आणि तो टीव्हीला खुशाल लावून ठेवा.